वर्गमूळ न काढता लहान-मोठं ओळखणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सदाशिव पेठेत घरच्या घरी मी आठवी ते दहावीचे गणिताचे क्लास घेते. मुलं मला काकू म्हणतात, पालक मॅडम. शिष्यवृत्ती परीक्षा जवळ आली किंवा नववीचा करणींचा (√२ सारख्या, पूर्ण न सुटणाऱ्या मुळांचा) भाग सुरू झाला, की तेच तेच प्रश्न येतात, कधी फोनवर, कधी जिन्यात. जिन्यात उभं राहून वर्ग करता येत नाहीत, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

√५० हे ७ पेक्षा मोठं आहे का, असं विचारलंय. मग √५० काढायला नको का?

नको. ते विचारलेलंच नाही. माझ्याकडे आलेल्या एका मुलानं या प्रश्नासाठी भागाकार पद्धतीनं अर्धं पान भरलं, ७.०७१ पर्यंत पोचला आणि खाली लिहिलं, "मोठं". उत्तर बरोबर, पण सात साते एकोणपन्नास आणि पन्नास त्याच्या पुढे, एवढ्यावर काम झालं होतं.

मंडईत खिशात दोनशे रुपये असताना पिशवीतला माल दोनशेत बसतोय का, हे बघायला कोणी सुट्या पैशांपर्यंत बेरीज करत नाही. दीडशेच्या आसपास दिसलं तर निवांत राहायचं, एकशे पंच्याण्णवच्या पुढे दिसलं तर मात्र नीट मोजायचं. वर्गमूळांचंही तसंच. दोन बाजूंत अंतर भरपूर असेल तर ढोबळ अंदाज पुरतो. अंतर कमी असेल तेवढा अंदाज बारीक करायचा. आधीपासूनच तीन दशांश स्थळं धरून बसायचं नाही.

यामागचा नियम एकच आहे: दोन्ही संख्या धन असतील तर जिचा वर्ग मोठा ती संख्या मोठी.

मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर असताना हे कशाला?

दहावीच्या पेपरात कॅल्क्युलेटर चालत नाही, शिष्यवृत्तीला चालत नाही, आणि पुण्यात अभ्यासिकांमधून बसलेल्या हजारो मुलांना विचारा, राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेतही चालत नाही. शिवाय पुढे एक उदाहरण येईल, त्यात साधा कॅल्क्युलेटरही गोंधळात पाडेल.

सुरुवात कुठून करायची? किती वर्ग पाठ हवेत?

२० पर्यंतचे हवेतच. ३० पर्यंतचे असतील तर शिष्यवृत्तीचं गणित सोपं जातं. मग दिलेली संख्या कोणत्या दोन पूर्ण वर्गांच्या मधे पडते ते बघायचं. १७ ही १६ आणि २५ यांच्या मधे आहे, म्हणून √१७ हे ४ आणि ५ च्या मधे. "√१७ > ५ खरं का?" याचं उत्तर इथंच मिळालं: खोटं.

"√१७ > ४.२ खरं का?" इथं एक पायरी जास्त. ४२ चा वर्ग १७६४, म्हणजे ४.२ चा वर्ग १७.६४. तो १७ च्या वर गेला, म्हणून हेही खोटं. ४.१ चा वर्ग १६.८१, तो खाली राहिला. म्हणजे √१७ हे ४.१ आणि ४.२ च्या मधे कुठेतरी आहे. कुठे ते विचारेपर्यंत गप्प बसायचं.

दोन पूर्ण संख्यांच्या मधे आहे हे कळलं. पण अर्ध्याच्या अलीकडे की पलीकडे, हे झटकन कसं ओळखायचं?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. त्याचं उत्तर आपल्या भाषेतच दडलेलं आहे.

माझ्या आजोबांना पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी (म्हणजे पाव, अर्धा, दीड, अडीच यांचे पाढे) पाठ होत्या. त्याच चालीवर अडीच अडीचे सव्वासहा. आता पुढे म्हणून बघा. दीडचा वर्ग सव्वादोन. अडीचचा सव्वासहा. साडेतीनचा सव्वाबारा. साडेचारचा सव्वावीस. साडेपाचचा सव्वातीस, साडेसहाचा सव्वाबेचाळीस. प्रत्येक वेळी सव्वा! आणि त्या सव्वाच्या पुढची संख्या बघा: १ × २ = २, २ × ३ = ६, ३ × ४ = १२, ४ × ५ = २०, ५ × ६ = ३०, ६ × ७ = ४२. साडेसहाच्या अलीकडची आणि पलीकडची पूर्ण संख्या घ्यायची, त्यांचा गुणाकार करायचा, वर पाव ठेवायचा.

म्हणून √४३ > ६.५ खरं आहे का? सहा साते बेचाळीस, वर पाव. ४३ त्याच्या पुढे आहे, म्हणून खरं. √४२ > ६.५? ४२ हे सव्वाबेचाळीसच्या मागे राहिलं, म्हणून खोटं. कागद लागला नाही, पेनही नाही.

दशांश चिन्हात २.५ चा वर्ग ६.२५ असं लिहिलं की मुलांना हा नमुना दिसत नाही. तोंडानं "सव्वासहा, सव्वाबारा, सव्वावीस" म्हटलं की लगेच ऐकू येतो. औटकीसकट (साडेतीनच्या पाढ्यासकट) सगळी कोष्टकं परत पाठ करायला लावा, असं मी म्हणत नाही. पण एवढी ओळ घरात म्हणायला काय हरकत आहे?

याहून बारीक अंदाज हवा असेल तर?

संख्येच्या मागचा पूर्ण वर्ग घ्या आणि किती उरलं ते पाहा. ३० मधून २५ गेले, उरले ५. मूळ ५, त्याची दुप्पट १०. उरलेल्या ५ ला १० नं भागलं तर ०.५, आणि दुपटीत एक मिळवून ११ नं भागलं तर ०.४५ च्या किंचित वर. √३० हे ५.४५ आणि ५.५ यांच्या मधे असणारच. खरी किंमत साधारण ५.४७७.

दुपटीनं भागलं की अंदाज नेहमी जरासा जास्त येतो, दुपटीत एक मिळवून भागलं की जरासा कमी. असं का होतं, ते नववीच्या मुलांना समजेल: √३० − ५ म्हणजे ५ भागिले (√३० + ५). छेदातलं √३० हे ५ आणि ६ च्या मधे आहे, म्हणून छेद १० आणि ११ च्या मधे. संपलं.

आर्यभटीयात, म्हणजे इ.स. ४९९ मध्ये, वर्गमूळाची जी रीत दिली आहे तिच्यातही मिळालेल्या मुळाच्या दुपटीनं भागायला सांगितलं आहे. आपली शाळेतली भागाकार पद्धतही तेच करते. म्हणून तर त्या पद्धतीत प्रत्येक पायरीला डावीकडची संख्या दुप्पट करावी लागते. ही दुप्पट पुढे पुन्हा भेटणार आहे.

√३ + √५ < ४ खरं आहे का? १.७ + २.२ = ३.९, म्हणून खरं. बरोबर ना?

उत्तर बरोबर, कारण चूक. आणि ही चूक मी स्वतः फळ्यावर केलेली आहे.

मी अगदी असंच लिहिलं होतं. आठवीतली एक मुलगी म्हणाली, "काकू, तुम्ही दोन्ही आकडे खाली ओढलेत. ते खाली ओढून ४ पेक्षा कमी आले, यात काय विशेष?" वर्ग शांत. तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. √३ हे १.७ पेक्षा मोठं आहे आणि √५ हे २.२ पेक्षा मोठं. दोन्हींतली कापलेली शेपटं मिळून ०.१ च्या वर गेली असती तर?

म्हणून नियम असा: "डावी बाजू लहान आहे" हे दाखवायचं असेल तर डावीकडचे आकडे वर ढकला आणि उजवीकडचे खाली. आपल्याच विरुद्ध बाजूला झुकतं माप द्यायचं. तरीही डावी बाजू लहान राहिली, तर ती खरोखरच लहान. इथं एका दशांशावर वर ढकललं तर १.८ + २.३ = ४.१ येतं, त्यातून काहीच ठरत नाही. लक्षात घ्या, विधान खोटं ठरलं असं नाही, फक्त अंदाज पुरला नाही. मग दोन दशांशांवर जा: १.७४ चा वर्ग ३.०२७६, म्हणून √३ < १.७४. २.२४ चा वर्ग ५.०१७६, म्हणून √५ < २.२४. बेरीज ३.९८. ती ४ च्या आत आहे, म्हणून विधान खरं.

जवळच्या आकड्यात बदलण्याची शाळेतली सवय, म्हणजे ५ किंवा जास्त असेल तर वर आणि नाहीतर खाली, इथं धोक्याची आहे. तिथं आपल्याला दिशा निवडता येत नाही.

√२ + √३ आणि √१०, यांत मोठं कोण?

इथं अंतर फारच कमी आहे. डावीकडे ३.१४६, उजवीकडे ३.१६२. अंदाजानंही निकाल लागेल, पण वर्ग करणं सोपं. डाव्या बाजूचा वर्ग २ + ३ + २√६, म्हणजे ५ + २√६. उजवीकडे १०. दोन्हींकडून ५ काढले की २√६ आणि ५ उरतात, निम्मे केले की √६ आणि अडीच. अडीचचा वर्ग सव्वासहा. म्हणून √६ लहान, आणि √२ + √३ < √१०.

आजोबांची अडीचकी नववीच्या करणीत कामाला आली!

√२ + √३ म्हणजे √५ नाही का?

नाही. १.४ + १.७ हे ३ च्या पुढे जातं आणि √५ तर ३ च्या बरंच मागे आहे, कारण ३ चा वर्ग ९. मूळ चिन्हाखाली बेरीज करायची सवय इतकी चिवट आहे की मी समजावणं सोडून दिलंय. फक्त म्हणते, "अंदाज कर." अंदाज केला की मूल स्वतःच खोडतं.

३√२ आणि २√५ असे बाहेर आकडे असतील तर?

बाहेरचा आकडा वर्ग करून आत घ्या. ३√२ म्हणजे √१८, २√५ म्हणजे √२०. दुसरं मोठं. अंदाजाची गरजच नाही.

√१०१ − √१०० हे ०.०५ पेक्षा मोठं की लहान?

मूळ १०, उरला १, दुप्पट २०. १ भागिले २० म्हणजे बरोबर ०.०५, आणि दुपटीचा अंदाज नेहमी जरासा जास्त असतो हे वर आलंय. म्हणून खरा फरक ०.०५ पेक्षा लहान. ऑलिंपियाडच्या तयारीला लॉ कॉलेज रोडच्या बाजूला भास्कराचार्य प्रतिष्ठानात जाणाऱ्या मुलांना अशी गणितं ओळखीची असतील. बाकीच्यांनी घाबरू नये, रीत तीच आहे.

ऋण चिन्ह आलं की सगळं उलटं का होतं?

सोसायटीच्या लिफ्टचा विचार करा. तळघरातल्या पार्किंगचे दोन मजले असतील तर उणे दोन हा उणे एकच्या खाली. √२० हे ४ पेक्षा मोठं, म्हणून −√२० हे −४ च्या खाली, म्हणजे लहान. आधी चिन्ह विसरून तुलना करा, मग उलटवा. मात्र ऋण संख्यांचे वर्ग करून थेट तुलना करू नका. −५ हे √३ पेक्षा लहान आहे, पण वर्ग केले तर २५ आणि ३ येतात आणि निकाल फिरतो.

√०.९ म्हणजे ०.३ ना?

नाही! ०.३ चा वर्ग ०.०९. √०.९ हे ०.९ पेक्षाही मोठं आहे, जवळजवळ ०.९५. शून्य ते एकच्या मधल्या संख्येचं वर्गमूळ त्या संख्येपेक्षा मोठं असतं. चांगल्या चांगल्यांची विकेट इथं पडते. दशांश चिन्हापासून दोन-दोन अंकांच्या जोड्या करा: ०.९ म्हणजे ०.९०. ९० हे ८१ आणि १०० च्या मधे, म्हणून मूळ ०.९ आणि १ च्या मधे.

घरात, व्यवहारात याचा काही उपयोग?

जमिनीचं बोलू, पुण्यात दुसरं बोलतात काय! एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि १०८९ हा बरोबर ३३ चा वर्ग. म्हणजे चौरस आकाराच्या एका गुंठ्याची बाजू ३३ फूट. आता समजा कोणी म्हणालं, "दोन गुंठ्यांचा चौरस प्लॉट आहे, बाजू पन्नास फुटांच्या वर भरेल." दोन गुंठे २१७८ चौरस फूट, पन्नासचा वर्ग २५००. शक्यच नाही. ४६ चा वर्ग २११६, ४७ चा २२०९, म्हणजे बाजू ४६ आणि ४७ च्या मधे. अर्ध्याच्या पलीकडे का? ४६ × ४७ = २१६२, वर पाव. २१७८ त्याच्या पुढे, म्हणजे साडेसेहेचाळीसच्या वर. जागा दुप्पट झाली तरी बाजू दुप्पट होत नाही. ६६ फूट म्हणणारेही भेटतात. ६६ बाय ६६ म्हणजे चार गुंठे!

दुसरं, मिस्त्रीचं काम. १० बाय १० ची खोली काटकोनात आली का हे बघायला गुण्या (मिस्त्रीची काटकोनी पट्टी) छोटा पडतो, म्हणून कर्ण मोजतात. कर्ण √२००. मूळ १४, उरले ४. ४ भागिले २८ आणि ४ भागिले २९, दोन्ही ०.१४ च्या आसपास. फुटाचे इंच केले तर १४ फूट आणि पावणेदोन इंचाला जरासं कमी. टेपवर १४ फूट ३ इंच दिसले तर प्लास्टर करण्याआधी बोलायचं.

सराव कसा करून घ्यायचा?

वहीत नाही, सिग्नलला. पुढच्या एमएच १२ च्या पाटीवरचे चार अंक घ्यायचे आणि वर्गमूळ कोणत्या दोन संख्यांच्या मधे ते सांगायचं. ५१७३ असेल तर ७१ चा वर्ग ५०४१, ७२ चा ५१८४, म्हणजे ७२ ला अगदी चिकटून. कर्वे रोडला संध्याकाळी पुरेसा वेळ मिळतो. गाडी चालवणाऱ्यानं खेळायचं नाही.

पूर्वीच्या लोकांना हे अंदाज जमत होते का?

आपल्याला लाज वाटावी इतके. बौधायनाच्या शुल्बसूत्रात, म्हणजे यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन ग्रंथात, चौरसाच्या कर्णासाठी नियम आहे: बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, मग त्या तिसऱ्याचा चौथा भाग मिळवा, आणि शेवटी त्या चौथ्याचा चौतिसावा भाग वजा करा. बाजू १ धरली तर १ + १/३ + १/१२ − १/४०८, म्हणजे ५७७/४०८. दशांशात १.४१४२१५७, आणि √२ आहे १.४१४२१३६. पाचव्या दशांशापर्यंत फरक नाही.

हा चौतीस कुठून आला? सूत्रात कारण दिलेलं नाही, पण आपली दुप्पट लावून बघा. पहिली तीन पदं मिळून १७/१२. त्याचा वर्ग २८९/१४४, आणि २ म्हणजे २८८/१४४. जास्त झाला १/१४४. त्याला १७/१२ च्या दुपटीनं, म्हणजे ३४/१२ नं भागा. उत्तर १/४०८. चौतीस म्हणजे सतराची दुप्पट.

आता वर कबूल केलेलं उदाहरण: ५७७/४०८ > √२ खरं आहे का? चार-पाच दशांशांच्या अंदाजानं दोन्ही सारखेच दिसतात. आठ अंकी कॅल्क्युलेटरवर भागाकार करून त्याचा वर्ग केला तर शेवटच्या दोन आकड्यांवर भरवसा ठेवावा लागतो. पण ५७७ चा वर्ग ३,३२,९२९. ४०८ चा वर्ग १,६६,४६४, त्याची दुप्पट ३,३२,९२८. एकानं जास्त! म्हणून विधान खरं, आणि शंकेला जागाच नाही.

मग परीक्षेत अंदाज लिहायचा की वर्ग?

अंदाज कच्च्या कामात, वर्ग उत्तरपत्रिकेत. "४९ < ५०, म्हणून ७ < √५०" ही एक ओळ पुरते. "√५० ≈ ७.०७" एवढंच लिहिलं, तर तपासणाऱ्याला ७.०७ कुठून आलं हे विचारायचा हक्क आहे.

√२ + √३ हे ३.१४ च्या पुढे येतं. म्हणजे ते पाय (π) आहे का?

नववीत दर वर्षी कोणीतरी हे शोधून काढतं आणि डोळे चमकतात. दुर्दैवानं नाही. पाय हे ३.१४२ पेक्षा लहान आहे. ३.१४२ चा वर्ग ९.८७२१६४, म्हणजे ९.८७३ च्या आत. √२ + √३ चा वर्ग ५ + २√६. तो ९.८७३ च्या पुढे जातो का? म्हणजे √६ हे २.४३६५ पेक्षा मोठं का? थोडं वर ढकलून २.४४ घेतलं तरी त्याचा वर्ग ५.९५३६ येतो, तो ६ च्या आतच. म्हणून √२ + √३ पायपेक्षा मोठं, आणि मघाशी पाहिलं तसं √१० पेक्षा लहान. दोघांच्या मधे.